‘आपोआप’ लागलेली आग

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये झरिया कोळसाक्षेत्रातील आग विझविणे व तेथील रहिवाशांचे पुनर्वसन यांसाठी सुमारे ५,९४० कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर केली. २००९ च्या मूळ योजनेची मुदत २०२१ मध्येच संपली होती आणि आगीची पहिली नोंद तर १९१६ ची आहे. शतकाहून अधिक काळ धुमसणाऱ्या या आगीचा विषय निघाला की ‘कोळसा आपोआप पेटतो’ असे सांगितले जाते. शास्त्रदृष्ट्या ते खोटे नाही. पण ‘आपोआप’ या शब्दाच्या आडोशाला कोणाकोणाची जबाबदारी दडली आहे, याचा विचार झाला पाहिजे.

कोळशाला पेटण्यासाठी ठिणगीच लागते असे नाही. उघडा पडलेला कोळसा नेहमीच्या तापमानालाही हवेतील प्राणवायू शोषून घेतो व त्यातून थोडी उष्णता निर्माण होते. मोकळ्या वाऱ्यात ती निघून जाते. जमिनीतील अखंड थरापर्यंत हवाच पोहोचत नाही. धोका या दोहोंच्या मधल्या अवस्थेत असतो. जेथे चुरा साचलेला आहे, भेगांतून हवा आत झिरपते, परंतु उष्णता वाहून नेण्याइतकी खेळत नाही, तेथे उष्णता साठत जाते. तापमान वाढले की क्रियेचा वेग वाढतो आणि वेग वाढला की तापमान आणखी चढते. धूर दिसण्यापूर्वीच कार्बन मोनॉक्साइडचे वाढते प्रमाण इशारा देत असते.

ही मधली अवस्था झरियात माणसाने निर्माण केली. राष्ट्रीयीकरणापूर्वीच्या खाणमालकांनी छताला आधार म्हणून कोळशाचे खांब ठेवून भोवतालचा कोळसा काढला आणि अनेक ठिकाणी पोकळ्या न भरताच खाणी सोडून दिल्या. खांब चिरडले, जमीन भेगाळली, हवा आत शिरली. वस्तुतः झरियाचा कोळसा पोलादासाठी लागणारा, कोकिंग जातीचा आहे. वर्धा खोऱ्यातील कमी पक्व व अधिक ओलसर कोळशाच्या तुलनेत तो सहजासहजी तापत नाही. त्याची ही गत व्हावी, यातच दोष केवळ कोळशाचा नाही हे स्पष्ट होते. उपाय अज्ञात होता असेही नाही. पोकळ्यांत वाळू भरण्याविषयीचा कायदा १९३९ मध्येच झाला होता.

१९७१-७२ मध्ये सरकारने कोकिंग कोळशाच्या खाणी ताब्यात घेतल्या, तेव्हा ही आग वारशाने आली हे खरे. पण वारशाची सबब अर्धशतक पुरत नाही. २०२१ च्या उपग्रह-पाहणीनुसार आगीचे क्षेत्र ८.९ चौरस किलोमीटरवरून १.८ वर आले, याचे श्रेय अवश्य द्यावे. तथापि २०१७ मध्ये झरियाच्या इंदिरा चौकात जमीन खचून पितापुत्र गाडले गेले, हेही विसरता येत नाही. बेलगढियाच्या नव्या वसाहतीत छप्पर मिळाले, रोजगार मिळाला नाही, ही विस्थापितांची तक्रार जुनीच आहे. नव्या योजनेत मालकीहक्क नसलेल्या कुटुंबांनाही एक लाख रुपयांचे उपजीविका-अनुदान व तीन लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे. हे स्वागतार्ह असले तरी एकरकमी पैसा म्हणजे रोजगार नव्हे.

तेव्हा पुनर्वसनाचे यश बांधलेल्या घरांवरून न मोजता तेथे टिकलेल्या कुटुंबांवरून मोजावे. पोकळ्या भरून व तोंडे बंद करून घेतल्याखेरीज कोणतीही खाण ‘संपली’ असे जाहीर होऊ नये. आगग्रस्त भागातील वायू व तापमानाच्या नोंदी रहिवाशांना वेळोवेळी कळाव्यात. हा धडा चंद्रपूर-वणीच्या खाणींना आणि वीजकेंद्रांच्या कोळसासाठ्यांनाही लागू आहे. तेथे ढीग थराथराने दाबून रचणे आणि आधी आलेला कोळसा आधी वापरणे एवढी साधी शिस्तही पुष्कळ नुकसान टाळू शकते. कोळशाचा धर्म बदलता येणार नाही. खाण सोडून जाण्याची रीत मात्र बदलता येईल, आणि ती बदलणे हे सरकारचे काम आहे.