अम्मीचा अंगठा घेण्याआधी

मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका आईने २०१९ मध्ये आपली मालमत्ता बक्षीसपत्राने मुलाच्या नावे केली. शेवटपर्यंत सांभाळ करीन, असे वचनपत्र मुलाने दिले होते, हे आईचे म्हणणे. सांभाळ झाला नाही. खालच्या पातळीवर आई जिंकली, पण उच्च न्यायालयाच्या खंडपीठात हरली. कारण बक्षीसपत्रात सांभाळाची अटच लिहिलेली नव्हती. अखेर २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बक्षीसपत्र रद्द ठरवले आणि ताबा आईला परत द्यायला सांगितले.

निकाल दिलासा देणारा आहे. पण प्रश्न उरतोच, तो दस्त तयार करणाऱ्याने आईला एक ओळ जास्त लिहायला का सुचवले नाही?

२००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे. त्याच्या कलम २३ नुसार सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास परत मिळू शकते. अट सिद्ध करावी लागते. आपल्याकडे तर अनेक घरांत तोंडी हिबा होतो. दोन साक्षीदार, ताबा दिला, झाले! तिथे अम्मीला बाजूला घेऊन "मर्जीने देताय ना?" असे विचारणारा कुणीच नसतो. उद्या वाद झाला तर काय ठरले होते, हे सांगणार कोण?

म्हणूनच वकील आणि दस्तलेखकांनी फक्त फी घेऊन मोकळे होऊ नये. मुलगा बाहेर थांबवून आईशी बोलावे, मजकूर तिच्या भाषेत वाचून दाखवावा, सांभाळाची अट लिहावी. दस्त करून देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम दिसली तर नोंदणी नाकारणे, हे दुय्यम निबंधकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. अंगावरचे वळ पाहणाऱ्या डॉक्टरने आणि पेन्शन दुसराच काढतोय हे दिसणाऱ्या बँक कर्मचाऱ्यानेही "घरचा मामला" म्हणून मान फिरवू नये.

त्रास सुरू झालाच असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. स्वतः जाणे जमत नसेल तर अधिकृत केलेली व्यक्ती किंवा संस्थाही अर्ज करू शकते. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

आई-वडिलांच्या हक्कांवरचे बयान आपण दर जुम्याला मन लावून ऐकतो. मग ते हक्क कागदावर लिहिताना संकोच कशाला? ज्याची नियत साफ आहे, त्याला ती एक ओळ जड जाणार नाही.