पुन्हा परिचारिका व्हायचे का?
उत्तरदायित्व तळाच्या पायरीवर, सुविधा मात्र कागदावर. जिल्हा रुग्णालयातील आगीने उभा केलेला प्रश्न कायम

राळेगणसिद्धी (जि. अहिल्यानगर) : नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान या पंचसूत्रीवर अण्णा हजारे यांचे राळेगणसिद्धी उभे राहिले. गावाने अडविलेल्या पाण्याची आणि राखलेल्या झाडांची कीर्ती देशभर गेली. पंचसूत्रीतील पहिल्या सूत्राची चर्चा मात्र फारशी होत नाही. खेडे कोणतेही असो, कुटुंबनियोजनाचा विषय घराच्या उंबरठ्याच्या आत नेते ती आरोग्यसेविका. गरोदर मातांची नोंद, बालकांचे लसीकरण आणि शस्त्रक्रियेसाठी दाम्पत्यांचे मन वळविणे ही कामे तिचीच. गावाच्या विकासाच्या इतिहासात तिचे नाव सहसा येत नाही.

ही सेविका किंवा शहरातील रुग्णालयात रात्रपाळी करणारी तिची भगिनी, आयुष्य पुन्हा सुरू करता आले तर हाच पेशा निवडेल काय? दरवर्षी १२ मे रोजी परिचारिका दिनी होणाऱ्या गौरवाच्या भाषणांत हा प्रश्न विचारला जात नाही. पारनेर तालुक्यातील रुग्णांना ज्या जिल्हा रुग्णालयाचा आधार घ्यावा लागतो, तेथे २०२१ मध्ये घडलेल्या घटनेने तो ठळकपणे पुढे आणला.

भाऊबीजेची सकाळ

६ नोव्हेंबर २०२१. भाऊबीजेचा दिवस. तेव्हाच्या अहमदनगर जिल्हा रुग्णालयातील कोविड अतिदक्षता विभागाला सकाळी आग लागली आणि ११ रुग्णांचा बळी गेला. दोनच दिवसांनी शासनाने कारवाई जाहीर केली. जिल्हा शल्यचिकित्सकांसह चौघांना निलंबित करण्यात आले, तर दोन अधिपरिचारिकांची सेवा समाप्त करण्यात आली. त्यापाठोपाठ पोलिसांनी निष्काळजीपणाचा ठपका ठेवून अटक केली, ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना.

त्यानंतर परिचारिका रस्त्यावर उतरल्या. रुग्णालयाची वीजयंत्रणा, अग्निशमन व्यवस्था आणि तिच्यासाठी लागणारा निधी यांपैकी कशावरच परिचारिकेचे नियंत्रण नसते. मग पहिली बेडी तिच्याच हातात का, असा त्यांचा सवाल होता. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बालके दगावली होती. तेथेही पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदविला गेला.

कर्तव्यात कसूर झाली असेल तर तिची चौकशी व्हावी, याविषयी दुमत नाही. अकरा कुटुंबांच्या दुःखापुढे कोणताही पेशा अपवाद मागू शकत नाही. परंतु निलंबित कर्मचारी चौकशीनंतर परत येऊ शकतो. सेवा समाप्त झालेल्याला तो मार्ग इतका सोपा नसतो. नगरच्या कारवाईतील हा फरक परिचारिकांच्या नजरेतून सुटलेला नाही.

कंत्राटाचे ओझे

एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यापासून ग्रामीण आरोग्यसेवेचा मोठा भार कंत्राटी मनुष्यबळावर आला. दहा वर्षे सेवा झालेल्यांच्या समायोजनाचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ रोजी निघाला. तरीही अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये या कर्मचाऱ्यांना बेमुदत संप करावा लागला. त्याआधी मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिकांनी संप केला, तो भरती खासगी संस्थेमार्फत करण्याच्या विरोधात. जुलै २०२५ मध्ये त्या पुन्हा संपावर गेल्या, तेव्हाही कंत्राटी भरतीचा विरोध कायम होता.

या आंदोलनांचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. पेशा नको असलेला माणूस कायम नोकरीसाठी भांडत नाही. परिचारिकांना काम हवे आहे; ज्या अटींवर ते दिले जाते त्या अटी नको आहेत.

खासगी रुग्णालयांची स्थितीही वेगळी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २० हजार रुपये वेतन द्यावे, तर २०० पेक्षा अधिक खाटा असल्यास सरकारी वेतनाची बरोबरी करावी, अशी शिफारस केली. शिफारस म्हणजे कायदा नव्हे. अंमलबजावणी राज्यांच्या इच्छेवर राहिली.

दोष सेवाभावाचा नाही

युरोपातील १२ देश आणि अमेरिका येथील रुग्णालयांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने प्रसिद्ध केले. नोकरी सोडण्याचा विचार करणाऱ्या परिचारिकांचे प्रमाण अमेरिकेत १४ टक्के, तर ग्रीस व फिनलंडमध्ये ४९ टक्के आढळले. कामाने खचून गेल्याची भावना नेदरलँड्समध्ये १० टक्के, तर ग्रीसमध्ये ७८ टक्के परिचारिकांत होती. पेशा एकच, शिक्षणही जवळपास सारखे. तरी एवढी तफावत. जेथे मनुष्यबळ पुरेसे आणि कामाचे वातावरण चांगले, तेथे परिचारिका आणि रुग्ण दोघेही अधिक समाधानी, हे त्या पाहणीचे सार.

आपल्याकडे सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक आणि अतिदक्षता विभागात खाटेमागे एक परिचारिका हा निकष सांगितला जातो. प्रत्यक्षात रात्रपाळीला अख्खा कक्ष एकटीने सांभाळणारी परिचारिका सरकारी रुग्णालयांना नवी नाही. सेवाभाव म्हणाल तर मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे उदाहरण पुरेसे आहे. १९७३ मध्ये तेथे कर्तव्यावर असताना अत्याचाराला बळी पडलेल्या अरुणा शानबाग यांची शुश्रूषा तेथील परिचारिकांनी मे २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे ४२ वर्षे केली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात ५८ लाख परिचारिकांची कमतरता आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत. त्यामुळे 'पुन्हा परिचारिका व्हाल का' या प्रश्नाला अनेक तरुणींचे उत्तर उद्या 'होय, पण इथे नाही' असे येऊ शकते. ते उत्तर सर्वांत महाग पडेल ते जिल्हा रुग्णालयाशिवाय पर्याय नसलेल्या रुग्णाला.

सरकारी सेवकाने जनतेला उत्तर दिले पाहिजे, हा आग्रह राळेगणसिद्धीने राज्याला शिकविला. माहितीच्या अधिकारासाठी २००३ मध्ये आझाद मैदानावर झालेले उपोषण त्याच आग्रहाचा भाग होते. आज त्याच अधिकारात कोणीही नागरिक आपल्या जिल्हा रुग्णालयाला विचारू शकतो : परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती? अग्निसुरक्षेची तपासणी केव्हा झाली आणि तिच्या शिफारशींचे काय झाले? हे प्रश्न आग लागण्यापूर्वी विचारले गेले, तर उत्तरदायित्व योग्य पायरीवर थांबेल. तोवर एखाद्या परिचारिकेने आपल्या मुलीला या वाटेवर पाठविण्यापूर्वी दोनदा विचार केला, तर तिला दोष देता येणार नाही.