आवाज जरा बारीक करा



एरवी मी इथे बँकेतल्या आठवणी लिहितो. आज एक कबुली द्यायची आहे आणि तिच्या निमित्ताने एक मतही मांडायचे आहे. थोडे लांबेल, सांभाळून घ्या.

आमचे हिंडलगा हे बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावरचे गाव. बाहेरच्यांना हिंडलगा म्हटले की मध्यवर्ती कारागृह आठवते. सीमाभागातल्या मराठी माणसाला १९८६ च्या आंदोलनातल्या हुतात्म्यांचे स्मारक आठवते. पण आम्हा रहिवाशांचा रोजचा शेजार म्हणजे लष्कर. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर शंभर वर्षांहून अधिक काळ बेळगावात आहे. कॅम्पातून सकाळी फिरायला गेलात तर रिक्रूट पोरांची पळणारी रांग भेटते, त्यांच्या तोंडची शिवरायांची घोषणा ऐकू येते. माझ्या नोकरीतली कितीतरी वर्षे एक तारखेला काउंटरसमोर माजी सैनिकांची रांग बघण्यात गेली. त्यामुळे फौज आपल्याला कळते, असे मला उगाच वाटायचे. ते किती कळते याची परीक्षा १९९९ साली झाली.

माझी धाकटी बहीण तेव्हा कॅम्पात क्वार्टरमध्ये राहायची. मेव्हणे सुभेदार. त्यांची पलटण काश्मीरकडे होती, नेमकी कुठे ते बहिणीलाही ठाऊक नव्हते. पत्रावर पत्ता एकच, मार्फत ५६ ए.पी.ओ. नवरे फील्डवर गेलेल्या बायकांना सरकार अशा क्वार्टर देते. मे अखेर कारगिलची लढाई पेटली आणि आमच्या आईचा जीव खालीवर व्हायला लागला. तिने निरोप धाडला, "हिंडलग्याला ये, पोरांना घेऊन ये." बहीण येईना. म्हणाली, "निरोप काय आला तर तो इथंच येणार की. मी तिकडं आले तर त्यांना शोधत फिरावं लागंल." आता यावर आई तरी काय बोलणार? शेवटी मीच सोमवारी, ७ जूनला, संध्याकाळी स्कूटरवर पिशवी टाकून तिच्याकडे मुक्कामाला गेलो. दिवसा बँक, रात्री क्वार्टर. असा एक आठवडा काढला.

त्या आठवड्यात मी जेवढा टीव्ही बघितला तेवढा आधी कधी बघितला नव्हता. चोवीस तास बातम्यांच्या वाहिन्या तेव्हा नव्या होत्या. बहिणीकडे कॅन्टीनमधून घेतलेला रंगीत टीव्ही होता. पहिल्याच रात्री एक गोष्ट लक्षात आली. टीव्ही चालू होता, पण आवाज इतका बारीक की मला खुर्ची पुढे ओढावी लागली. विचारले तर म्हणाली, "वरच्या वहिनींना ऐकू जायला नको. त्यांचं पाचवं बाळंतपण झालंय म्हणून नव्हे दादा, त्यांचं पत्र तीन आठवडे नाही." नंतर कळले, वरच्या वहिनीही आवाज बारीक ठेवायच्या, खालच्यांना ऐकू जायला नको म्हणून! वर साताऱ्याकडच्या, शेजारी धारवाडच्या, समोर केरळच्या. भाषा तीन, पण नियम सगळ्यांचा एकच.

मंगळवारी ८ तारखेला मँचेस्टरला वर्ल्डकपची भारत-पाकिस्तान मॅच होती. तिकडे टेकड्यांवर गोळीबार आणि इकडे क्रिकेट. त्या संध्याकाळी मात्र सगळी मंडळी एका खोलीत जमली आणि आवाजही मोठा झाला. भारताच्या २२७ धावा, आपल्या कर्नाटकातल्या व्यंकटेश प्रसादने ५ बळी घेतले, पाकिस्तान १८० वर आटोपले. पोरे नाचली. गावात फटाके वाजले. मीही टाळ्या पिटल्या. बहीण तेवढी चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, "मॅच बरी असते नाही दादा? हरलेलेपण घरी जातात."

त्यानंतरचे दोन दिवस वाईट गेले. कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या ५ सहकाऱ्यांचे मृतदेह पाकिस्तानने ९ जूनला परत दिले. त्या देहांचे काय हाल केले होते ते बातम्यांत यायला लागले. बायकांनी आपसात ठरवले आणि पोरे जागी असेपर्यंत टीव्ही बंद ठेवला. बँकेत मात्र दिवसभर तोच विषय, तोही मोठ्या आवाजात. माझे सहकारी चांगली माणसे होती. कारगिलच्या निधीला त्यांनी सढळ हाताने पैसे दिले. पण त्यांच्यापैकी कोणाचे माणूस तिकडे नव्हते. मला तेव्हा पहिल्यांदा दिसले की ज्यांचे कोणी आघाडीवर असते ते बातम्या बारीक आवाजात ऐकतात, आणि ज्यांचे कोणी नसते ते भोंगा लावून.

शुक्रवारी रात्री एका वाहिनीवर पडद्याखालून पट्टी सरकली. मराठा पलटणीचे काही जवान कामी आल्याचे वृत्त. काही म्हणजे किती? कुठली पलटण? कुठला सेक्टर? काही नाही. पट्टी दोनतीनदा फिरली आणि मग गायब झाली. त्या रात्री आमच्या ब्लॉकमध्ये एकही दिवा विझला नाही. कोणी कोणाच्या दारात गेले नाही. जाऊन बोलणार काय?

शनिवारी मला अर्धा दिवस होता. दुपारी येऊन जेवायला बसलो आणि बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. फौजी वसाहतीत अशा दिवसांत जीप थांबण्याचा अर्थ वेगळा असतो. बहीण उठली. पदर सारखा केला आणि दारात जाऊन उभी राहिली. वरच्या जिन्यात पावले वाजली. समोरचे दार उघडले. सगळ्याजणी आपापल्या उंबऱ्यात. जीपमधून एक जवान उतरला, कागद बघितला आणि पुढच्या ब्लॉककडे चालत गेला. बहिणीने सुस्कारा सोडला आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला. आपल्याला सुटल्यासारखे वाटले, म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी... तिला पुढे बोलवेना. अर्ध्या तासाने कळले, तो पाण्याच्या मोटारीची तक्रार नोंदवायला आला होता. आणि त्या पट्टीतली बातमी? ती खरी नव्हती. खुलासा कुठल्याच पट्टीत आला नाही. सेंटरमधून एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत तो आमच्यापर्यंत पोचला. त्या संध्याकाळी भारत न्यूझीलंडशी हरून वर्ल्डकपमधून बाहेर पडला. आमच्या ब्लॉकमध्ये ते रविवारी कळले.

रविवारी, १३ जूनला, तोलोलिंगची टेकडी राजपुताना रायफल्सने परत घेतली. ही बातमी मात्र ठाम होती. लष्कराने स्वतः सांगितलेली, जागेचे नाव, पलटणीचे नाव. त्या लढाईत दिल्लीत रोज पत्रकार परिषद व्हायची. लष्कराच्या बाजूने कर्नल बिक्रम सिंग बोलायचे, तेच पुढे लष्करप्रमुख झाले. शांत बोलणे, समोर नकाशा. जेवढे माहीत आणि सांगण्याजोगे तेवढेच सांगायचे. आमच्या ब्लॉकमध्ये बायका ते न चुकता बघत.

आणि सोमवारी पत्र आले. २९ मेची तारीख. "मी ठीक आहे. थंडी फार. पोरांना पाऊस पडायच्या आत आंबे खायला घाल. दादांना नमस्कार." पंधरा दिवसांची शिळी खबर. पण खरी. बहिणीने ते पत्र इतक्यांदा वाचले की संध्याकाळपर्यंत घडीवर कागद फाटायला आला. मी मनात म्हटले, टीव्हीने आठवडाभर ताजी बातमी दिली आणि माणसे अर्धमेली केली. पोस्टाने शिळी दिली आणि जीव भांड्यात पडला.

त्या रात्री मी बहिणीला आमच्या धंद्यातला नियम सांगितला. बँकेत आधी व्हाउचर, मग एंट्री. रक्कम आली पण कोणाची, कशाची हे कळत नसेल तर ती सस्पेन्स खात्यात टाकायची. ताळा लागेपर्यंत गिऱ्हाइकाच्या पासबुकात तिचे नाव नाही. मी म्हटले, टीव्हीवाले सस्पेन्समधली रक्कम सरळ पासबुकात लिहितात. तिला ते पटले. मेव्हणे सुखरूप परतले, यथावकाश निवृत्त झाले आणि हिंडलग्यातच आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून घर बांधले.

आता कबुली. २०२५ चा मे महिना. पहलगामचा हल्ला २२ एप्रिलला झाला होता, ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झाले. ८ मेच्या रात्री मी सोफ्यावर बसून टीव्ही बघत होतो. काही वाहिन्यांवर कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे, आपले सैन्य पार आत घुसल्याचे सांगत होते. मागे सायरन वाजत होता. आमची ही आतून दोनदा म्हणाली, "आवाज कमी करा हो." मी केला नाही. उलट तो कराचीचा मजकूर आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवून दिला, वर मुठी आवळलेल्या चार खुणा!

पाच मिनिटांत बहिणीचा फोन. तिचा जावई तेव्हा जम्मूकडे होता. रडली नाही, रागावली नाही. एवढेच विचारले, "दादा, हे तुला कोणी सांगितलं? व्हाउचर कुठाय?"

पंचाहत्तरीला आलेला माणूस, पस्तीस वर्षे नोकरी केलेला, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. सकाळ झाली तेव्हा कराची बंदर जागच्या जागी होते.

म्हणून सांगतो मंडळी, दोष एकट्या वाहिन्यांचा नाही. पट्टी ते सरकवतात, पण भोंगा आपण लावतो. २६/११ च्या वेळी थेट प्रक्षेपणाने काय झाले ते आपण बघितले आहे. २०१२ मध्ये कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक ताशेरे ओढले. केबल टेलिव्हिजनच्या २०२१ च्या सुधारित नियमांत तर स्पष्ट आहे की दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करायचे नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढेच दाखवायचे. पहलगामनंतर २६ एप्रिलला केंद्राने याची आठवण करून दिली. १० मेला तर कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचे सायरन वाजवू नका असे वाहिन्यांना सांगावे लागले. का, तर खरा सायरन वाजला तेव्हा लोकांनी तो टीव्हीचा समजू नये! नियम आहेत. पण ज्याला गिऱ्हाईक आहे तो माल दुकानातून हटत नाही, हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

कोणी म्हणेल, टीव्ही नसता तर कारगिलच्या जवानांचे हाल देशाला कळले असते का? खरे आहे. पूर्वीच्या लढायांत जवानाचे अंत्यसंस्कार बहुतेक वेळा तिकडेच होत. कारगिलच्या वेळी पार्थिव गावोगावी पोचले, देशाने ते बघितले, मदतीचा ओघ लागला. बातम्या दाबाव्यात असे मी म्हणत नाही. काहीच सांगितले नाही तर अफवा वाढतात, हेही मी त्या ब्लॉकमध्ये बघितले. माझे म्हणणे एवढेच आहे की नावगाव नसलेली, कोणी जबाबदारी न घेतलेली बातमी पुढे ढकलायची नाही. ती सस्पेन्समध्ये राहू दे. उद्या ताळा लागला तर बघू.

आणि अफवा आपल्या दारातही येते. ऑपरेशन सिंदूरची माहिती द्यायला रोज समोर येणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी या आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या सूनबाई, गोकाक तालुक्यातल्या कोण्णूरच्या. त्यांच्या सासरच्या घरावर हल्ला झाल्याची खोटी पोस्ट कोणीतरी फिरवली. बेळगाव पोलिसांना हे धादांत खोटे आहे म्हणून जाहीर करावे लागले. ज्या बाई देशाला खरी बातमी शांतपणे सांगत होत्या, त्यांच्याच घराबद्दल खोटी बातमी!

त्या दिवसांत मी नंतर मेव्हण्यांकडेच बसायचो. ते फक्त ती अधिकृत पत्रकार परिषद बघायचे आणि टीव्ही बंद करायचे. एकदा नातू दुसरी वाहिनी लावून बसला तेव्हा म्हणाले, "काय बघायलास रे ते? तिथं बसलेल्यातल्या एकाचं तरी पोरगं सरहद्दीवर हाय काय?" नातवाने मुकाट्याने बटण दाबले.

त्यांचे नातजावई नव्हे, जावई सुखरूप आहेत. जूनमध्ये रजेवर आले, आंबे संपत आले होते पण मिळाले.

तुमच्या गल्लीत, तुमच्या बिल्डिंगमध्ये कोणाचे माणूस फौजेत असेल. पुन्हा असे दिवस न येवोत. आलेच तर तेवढा आवाज जरा बारीक करा. भिंतीपलीकडे कोणीतरी दारात जीप थांबते का ते ऐकत असते.