ताटाची चौकशी

‘निसर्गातलं हाये, त्यानं काय होते?’ निसर्गोपचारकाकडे पहिल्यांदाच निघालेल्या माणसाला धीर देताना हे वाक्य हमखास ऐकू येते. या आठवड्यात ते पुन्हा ऐकू आले, आणि तेही बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात. निदान या तालुक्यात तरी ते कोणी उच्चारू नये.

डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५. बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासची मिळून १८ गावे, २७९ माणसे. डोके खाजू लागले, डोक्यावरून हात फिरवला की केसांचा झुपकाच हातात यायचा आणि तीन-चार दिवसांत टक्कल. कॉलेजच्या मुली घराबाहेर पडेनाशा झाल्या. आधी संशय शाम्पूवर गेला, मग बुरशीवर, मग पाण्यावर. पाण्यात नायट्रेट आणि क्षार भरपूर सापडलेही. पण या प्रकरणाचा माग काढणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर ताटापर्यंत पोचले. रेशनच्या गव्हात सेलेनियम प्रमाणाबाहेर असल्याचे त्यांनी तपासून सांगितले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पथकालाही रुग्णांच्या रक्तात सेलेनियम वाढलेले आढळले.

सेलेनियम हे काही कारखान्यातून सांडलेले रसायन नव्हे. ते जमिनीतच असते. शिवालिकच्या पायथ्याशी, पंजाबातल्या नवांशहर-होशियारपूर भागातल्या काही शेतांत ते मुळातच जास्त आहे. पीक ते मुळांवाटे ओढून दाण्यात साठवते. रेशनचा हा गहू तिकडूनच आल्याचे बावस्करांचे म्हणणे होते. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम हवे असते, रोज ४००च्या वर गेले की धोका सुरू होतो आणि केस-नखे आधी जातात. म्हणजे माती नैसर्गिक, गहू नैसर्गिक, पोळी घरची. नुकसान मात्र खरेखुरे.

याच घटनेची दुसरी बाजू निसर्गोपचाराच्या बाजूने बोलते. चांगला निसर्गोपचारक पहिल्या भेटीत गोळी लिहीत नाही. तो विचारत बसतो. सकाळी काय खाता, रात्री किती वाजता जेवता, पोट साफ होते का, झोप कशी. सरकारी दवाखान्याच्या रांगेत दोन मिनिटे वाट्याला येणाऱ्या माणसाला ही चौकशी फार मोलाची वाटते, आणि ती आहेच. शेगावचे कोडे उलगडले तेही ताटातल्या अन्नाची चौकशी झाली तेव्हाच. फक्त त्या चौकशीला प्रयोगशाळेची जोड होती. गहू कुठला, हे विचारून तो तपासायला पाठवावा लागला. पोटावर मातीची पट्टी, कटिस्नान, एनिमा आणि दोन दिवस रसाहार एवढ्याने ते सेलेनियम कधीच सापडले नसते.

आणि पाणी. खारपाणपट्ट्याबद्दल, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या खाऱ्या भूजलाच्या भागाबद्दल, वेगळे लिहावे लागते. ‘सकाळी उठून भरपूर पाणी प्या’ हा निसर्गोपचारकाचा नेहमीचा सल्ला पुण्यात ठीक. या पट्ट्यातल्या संग्रामपूर, जळगाव जामोदच्या माणसाने कोणते पाणी प्यायचे? पूर्णेच्या खोऱ्यात वर्षानुवर्षे बोअरचे खारे पाणी पिणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने किती घरे खचली, हे त्या गावांना कोणी सांगायला नको. तिथे पहिला प्रश्न घरात पाणी कुठून येते हाच हवा.

महात्मा गांधींनी मार्च १९४६ मध्ये उरुळी कांचनला गावकऱ्यांसाठी निसर्गोपचार सुरू केला. पुढे मणिभाई देसाईंनी तो आश्रम उभा केला. जर्मन निसर्गोपचारक लुई कुन्हेच्या कटिस्नानावर, माती-पाण्यावर गांधींची आयुष्यभर श्रद्धा होती. पण जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या कैदेत असताना अपेंडिक्स सुजले, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्या शस्त्रक्रियेला त्यांनी संमती दिली. त्यांचे नाव घेऊन रुग्णाच्या चालू गोळ्या बंद करायला सांगणाऱ्यांनी ही तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

तेव्हा निसर्गोपचारकाकडे जरूर जावे. समोरच्याकडे निसर्गोपचार आणि योगशास्त्राची (बीएनवायएस) साडेपाच वर्षांची पदवी आहे की चार दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र, हे न लाजता विचारावे. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपास केला तर साखर एकदम खाली येऊ शकते, म्हणून गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. दुधी भोपळ्याचा रस कडू लागला तर तो ओतून द्यावा. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावली आहेत. मूत्रपिंड अशक्त असेल तर नारळपाण्यातले आणि फळांच्या रसातले पोटॅशियम रक्तात साचून हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून खारपाणपट्ट्यातल्या माणसाने मूत्रपिंडाचे काम दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट काढूनच निघावे. तो न बघता कोणी रसाहार सुरू करायला सांगितला, तर तिथून उठून यावे.