अपील म्हणजे अनुष्ठान नव्हे!

पनवेलच्या कोर्टात निकाल विरुद्ध गेला, की आमचा शेतकरी बांधव डोके धरून पायरीवर बसतो. तोच कोणी गोडबोल्या दलाल जवळ येतो आणि म्हणतो, “घाबरतोस काय? वर जाऊ! मुंबईस आपल्या ओळखीचा बडा वकील आहे.” झाले! घरची बैलजोडी जाते, बायकोच्या गळ्यातले सोने जाते, शेवटी बांधालगतचा तुकडाही जातो. दोन वर्षांनी त्यास पुसावे, “बाबा, अपिलात काय मागितले आहेस?” तर उत्तर येते, “ते वकीलसाहेबांना ठाऊक!”

आम्ही पुसतो, ग्रहशांतीस बसलेला भट काय पुटपुटतो हे यजमानास कळत नाही, तरी दक्षिणा सुटत नाही. त्याचीच ही दुसरी आवृत्ती नव्हे काय? अंगावर सोवळे असो की काळा डगला, न समजावता पैसा उकळणे ही एकच विद्या आहे. आणि या दलालीत आमच्याच जातभाईंची पोरे पुढे आहेत, हे लिहिताना आम्हांस लाज वाटते.

तेव्हा अपील म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. अपील म्हणजे नवा कज्जा नव्हे. खालच्या कोर्टात जे कागद दाखल झाले, ज्या साक्षी झाल्या, तेच दप्तर वर जाते. राहून गेलेला सातबारा किंवा न आणलेला साक्षीदार वर सहसा चालत नाही. त्यास सबळ कारण दाखवावे लागते. खरा अपिलाचा वकील ते दप्तर पानन् पान वाचतो. कोणता पुरावा न्यायाधीशाच्या नजरेतून सुटला, शाबितीचा बोजा चुकून कोणावर टाकला, कायद्याचे कलम कोठे उलटे लावले, हे तो मुद्देवार मांडतो. आणि मुद्दा नसेल तर “जाऊ नकोस” असे सांगतो. असे सांगणारा वकील भेटला तर त्यास दूषण देऊ नका. त्याने तुमचे शेत वाचविले!

आपल्याच जिल्ह्यातला, तेव्हाच्या कुलाब्यातला, महाडच्या चवदार तळ्याचा खटला पाहा. 1927 साली डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य बांधवांसह त्या तळ्याचे पाणी घेतले. त्याच डिसेंबरात काही स्पृश्य गृहस्थांनी दावा लावला, की तळे आमचे, आणि अस्पृश्यांस न शिवू देण्याची वहिवाट अनादि आहे. महाडच्या कोर्टात ते 8 जून 1931 रोजी हरले. ठाण्यास अपील केले. 30 जानेवारी 1933 रोजी तेही गेले. मग हायकोर्ट गाठले. 17 मार्च 1937 रोजी तेथेही हार! त्यांच्यापाशी पैसा नव्हता काय? वकील नव्हते काय? सर्व होते. नव्हता तो पुरावा. अनादि म्हणविलेली वहिवाट खाली शाबीत झाली नाही, ती वर कोठून होणार? कज्जा पायाशी जिंकावा लागतो, शिखरावर नव्हे, हा त्यातला धडा आहे.

पनवेल, उरण आणि ठाणे भागातील 95 गावांच्या जमिनींवर 1970 पासून नवी मुंबई उभी राहिली. मोबदल्यासाठी 1984 च्या जानेवारीत पाच जणांनी गोळ्या झेलल्या. तो लढा रस्त्यावरचा होता; पण तसाच एक लढा कागदावरचाही असतो, आणि तेथे आमचे लोक झोपतात. मोबदला घेताना “रक्कम अपुरी, तक्रार राखून घेत आहे” एवढे न लिहिता अंगठा दिला, की वाढीव मोबदल्याचा अर्ज बुडाला. जुन्या कायद्यात हेच होते, 2013 च्या कायद्यातही हेच आहे. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर अर्जास सहा आठवडेच मिळतात. मात्र त्याच अधिसूचनेतील शेजाऱ्यास कोर्टाने वाढ दिली, तर अर्ज न केलेल्यासही तीन महिन्यांत तोच दर मागता येतो. 1984 साली आलेली ही सवलत किती घरांस ठाऊक आहे?

मुदती घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. दिवाणी निकालावर जिल्हा कोर्टात अपिलास 30 दिवस, हायकोर्टात 90. नकलेसाठी लागलेले दिवस त्यातून वजा होतात. 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली हायकोर्टास 60 दिवस. दुसरे अपील तर कायद्याचा भरीव प्रश्न असल्यावाचून दाखलच होत नाही. आणि अपील केले म्हणजे जप्ती थांबली असे समजू नका. स्थगिती निराळी मागावी लागते. ती न मागता “निश्चिंत राहा” म्हणणारा वकील तुमचा वैरी समजा.

पैसा नाही म्हणून कोणी रडू नये. 1987 च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, कारखान्यातील कामगार, अपंग, कैदेतील इसम आणि ठरीव मर्यादेहून कमी उत्पन्नाचे लोक यांस फुकट वकील मिळतो, अपिलासही मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. ही भीक नव्हे, हक्क आहे.

बांधवांनो, निकाल लागताच त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या. वकिलास विचारा, “कोणत्या मुद्द्यावर अपील?” उत्तर घरच्या भाषेत मिळेपर्यंत वकीलपत्रावर सही करू नका. आणि शाळेत गेलेल्या मुलीस तो निकाल चुलीपुढे मोठ्याने वाचावयास लावा. ज्या दिवशी आमची घरे आपला निकाल आपण वाचू लागतील, त्या दिवशी कोर्टाच्या पायरीवरील दलालास दुसरा धंदा शोधावा लागेल!