गुडघ्याची वाटी आणि पुराव्याचा आग्रह



ज्योतिष, बुवाबाजी, चुंबक-चिकित्सा असे विषय निघाले की आपल्यापैकी कोणीतरी हमखास म्हणतो, "पुरावा दाखवा." म्हणायलाच हवे. पण हाच प्रश्न आपण आपल्या इन्शुरन्सच्या यादीतल्या, भिंतीवर नामांकित विद्यापीठाची पदवी टांगलेल्या सर्जनला विचारतो का? आज एका छोट्याशा हाडाच्या निमित्ताने हा मुद्दा मांडायचा आहे. ते हाड म्हणजे गुडघ्याची वाटी.

पाय जमिनीवर रोवलेला असताना शरीर गर्रकन वळले की ही वाटी आपल्या खोबणीतून बाहेरच्या बाजूला निखळते. सॉकर, बास्केटबॉल, भरतनाट्यम, गरबा, कशातही हे होऊ शकते. हे दुखणे मुख्यतः कोवळ्या वयातले. सॅन डिएगो परिसरातल्या एका मोठ्या आरोग्य योजनेच्या सभासदांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात १० ते १७ वयोगटात वर्षाला लाखामागे सुमारे २९ जणांची वाटी पहिल्यांदा निखळल्याचे आढळले, आणि सर्वांत जास्त धोका याच वयाच्या मुलींना होता. म्हणजे हा प्रश्न आपल्या घरातल्या मिडल स्कूल आणि हायस्कूलच्या मुलामुलींचा आहे.

वाटी निखळताना तिला आतल्या बाजूने मांडीच्या हाडाशी धरून ठेवणारे अस्थिबंधन जवळजवळ नेहमीच फाटते. वाटी बहुधा सहज जागेवर बसते. खरा प्रश्न त्यानंतरचा. अस्थिबंधन शिवायचे किंवा नवे बसवायचे, की पट्टा आणि फिजिओथेरपीवर भरवसा ठेवायचा? आपल्या मंडळींचा कल ठरलेला असतो. "एकदाचे ऑपरेशन करून मोकळे होऊ." फाटले आहे तर शिवा, हे तर्काला धरूनही वाटते. पण तर्काला पटणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे.

सिद्ध काय झाले आहे? हेलसिंकीच्या डॉक्टरांनी १६ वर्षांखालील मुलांचे दोन गट केले. एका गटावर सुरुवातीलाच शस्त्रक्रिया केली, दुसऱ्यावर केली नाही, आणि सरासरी १४ वर्षे पाठपुरावा ठेवला. २००८ साली निष्कर्ष छापून आले. शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकी ७१ टक्के गुडघ्यांत वाटी पुन्हा निखळली होती. शस्त्रक्रिया केलेल्यांत हे प्रमाण ६७ टक्के होते. म्हणजे फरक नाहीच म्हणा ना! पुढच्याच वर्षी फिनलंडमधलीच आणखी एक चाचणी प्रसिद्ध झाली. ती ४० तरुणांवरची होती आणि त्यांत बहुतेक पुरुष होते. तिथे शस्त्रक्रिया झालेल्या १७ जणांपैकी एकाचीही वाटी पुन्हा निखळली नाही, तर न झालेल्या २१ पैकी ६ जणांची निखळली. मात्र "गुडघा आता कसा आहे?" या प्रश्नाला दोन्ही गटांनी साधारण सारखेच उत्तर दिले.

यातला कोणता आकडा तुमच्या तेरा वर्षांच्या मुलीला लागू पडतो? प्रामाणिक उत्तर असे की दोन्ही पुरते लागू पडत नाहीत. सॅन डिएगोच्या अभ्यासात तर पहिल्यांदा वाटी निखळलेल्यांपैकी दोन ते पाच वर्षांत पुन्हा तसे झालेले फक्त १७ टक्के होते. १७ कुठे आणि ७१ कुठे! रुग्णांचे वय किती, खोबण जन्मतःच उथळ आहे का, पाठपुरावा किती वर्षांचा, यावर आकडा असा हलतो. म्हणून कोणी नुसती टक्केवारी तोंडावर फेकली, तर "कोणाची आणि किती वर्षांची?" हे आधी विचारावे.

वैद्यकीय पुरावा चाळून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली या विषयाचा पुन्हा आढावा घेतला. साऱ्या जगातून त्यांना निकषात बसणाऱ्या चाचण्या मिळाल्या दहा आणि त्यांतले रुग्ण होते ५१९. शस्त्रक्रियेनंतर वाटी पुन्हा निखळण्याचे प्रमाण कमी असावे असे दिसते, पण या पुराव्याची खात्री "अतिशय कमी", असा त्यांचा निर्वाळा आहे. आणखी एक अडचण आहे. जुन्या चाचण्यांतली शस्त्रक्रिया आज फारशी केली जात नाही आणि त्यांतली फिजिओथेरपीही आजच्यासारखी नव्हती. म्हणजे जे थोडे माहीत आहे, तेही कालच्या उपचारांविषयी.

याचा अर्थ शस्त्रक्रिया म्हणजे थोतांड, असा कोणी काढू नये. हाडाचा किंवा कूर्चेचा मोठा तुकडा निखळून सांध्यात अडकला असेल, तर शस्त्रक्रियेची गरज असते. वाटी वारंवार निखळत असेल, तर हिशोब बदलतो. नॉर्वेमध्ये १२ ते ३० वयाच्या अशा ६१ रुग्णांवर चाचणी झाली. हाडांच्या ठेवणीत मोठा दोष असलेल्यांना तिच्यातून वगळले होते. वर्षभरानंतर, अस्थिबंधन नव्याने बसवून व्यायाम केलेल्या ३० पैकी दोघांचीच वाटी अस्थिर राहिली. केवळ व्यायामाच्या गटात ३१ पैकी १३ जणांची राहिली. हा फरक डोळेझाक करण्याजोगा नाही. प्रश्न नीट विचारला, तर चाचणी उपयोगी उत्तर देते हे यातून दिसते.

मग असे प्रश्न इतके कमी का विचारले जातात? एक कारण सरळ आहे. नवे औषध बाजारात आणण्यापूर्वी कंपनीला चाचण्या कराव्याच लागतात. सर्जनच्या हातच्या कौशल्यावर तशी सक्ती नाही. पद्धत रुळते, परिषदांमध्ये गाजते, आणि तपासणी झालीच तर नंतर होते. वयस्कर लोकांच्या झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून "साफसफाई" करण्याची शस्त्रक्रिया अशीच रुळली होती. २००२ साली ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांवर तिची तुलना लुटुपुटीच्या शस्त्रक्रियेशी केली, तेव्हा ती त्याहून सरस ठरली नाही. तोवर किती गुडघे धुऊन निघाले असतील!

दुसरे कारण आपण स्वतः आहोत. चाचणीत कोणता उपचार मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरते, असे ऐकले की आपण हबकतो. "माझ्या मुलीवर प्रयोग? मुळीच नाही." भावना समजू शकते. पण जिथे दोन चांगले सर्जन एकाच एमआरआयवर दोन वेगळे सल्ले देतात, तिथे आपण कोणाच्या दवाखान्यात शिरलो यावरच मुलीचा उपचार ठरतो. तीही चिठ्ठीच आहे. फक्त तिची कुठे नोंद होत नाही आणि तिच्यातून कोणी काही शिकत नाही. चाचणीत निदान नैतिक समिती असते, लेखी संमती असते, केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क असतो आणि पाठपुरावा असतो.

ब्रिटनमध्ये सरकारी निधीतून वॉरविकच्या संशोधकांनी वारंवार वाटी निखळणाऱ्यांसाठी नेमकी अशी तुलना हाती घेतली. तिचा आराखडा २०२२ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत 'ज्युपिटर' नावाने अनेक रुग्णालयांतल्या रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या जातात. त्या मोलाच्या आहेत, पण तिथे उपचार सर्जन आणि कुटुंब ठरवतात, त्यामुळे तुलनेला मर्यादा येते. आपल्या कंपनीत आपण आकडेवारीशिवाय एक निर्णय होऊ देत नाही. मग अशा चाचणीचे निमंत्रण आले, तर निदान तासभर बसून ते वाचण्याइतका विवेक आपण दाखवावा, असे माझे म्हणणे आहे. फुले आणि आगरकर यांचा वारसा सांगणाऱ्यांकडून ही अपेक्षा जास्त आहे का?

"उन्हाळ्यात भारतात जाऊन स्वस्तात उरकून येऊ" म्हणणाऱ्यांनाही एक सांगावेसे वाटते. पुण्या-मुंबईतले सर्जन निष्णात आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण शस्त्रक्रियेनंतरचे व्यायाम कित्येक महिने चालतात. सुट्टी संपते, पाठपुरावा तुटतो आणि त्या गुडघ्याचे पुढे काय झाले हे त्या सर्जनलाही कळत नाही.

तेव्हा डॉक्टरांपुढे बसाल तेव्हा एवढे जरूर विचारा. सांध्यात सुटा तुकडा आहे का? खोबण उथळ आहे का, वाटी वर चढलेली आहे का? आत्ता शस्त्रक्रिया केली नाही तर काय बिघडेल, आणि पुढे करता येईल का? तुमच्या स्वतःच्या रुग्णांचे दोन वर्षांनंतरचे निकाल काय आहेत? आणि या प्रश्नावर एखादी चाचणी चालू आहे का? अमेरिकेतली सरकारी चाचणी-नोंदवही २००० पासून आणि भारतातली २००७ पासून इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. ती घरबसल्या चाळता येते.

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावेल, त्याच्याकडून दुसरा सल्ला घेण्याचे कारण तुम्हाला आपसूकच मिळाले!

आपले अनुभव आणि मतभेद, दोन्ही जरूर कळवा.