८ जीबी मेमरीचा बचाव टिकत नाही



अॅपलच्या संगणकांना ८ जीबी मेमरी पुरेशी होती आणि ग्राहकांची ओरड अवास्तव होती, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मान्य करता येत नाही. एकात्मिक मेमरी, म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांनी सामायिकपणे वापरलेली मेमरी, वेगवान असते हे खरे; परंतु वेगामुळे तिची क्षमता वाढत नाही, आणि ती भरली की संगणक तिच्यातील माहिती कितीतरी मंद असलेल्या एसएसडीवर, म्हणजे कायमच्या साठवणीवर, उतरवू लागतो, ज्या क्रियेला ‘स्वॅप’ म्हणतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘प्रो’ म्हणवणारा १४ इंची मॅकबुक १,५९९ डॉलरना ८ जीबीसह विकायला काढणे आणि आणखी ८ जीबीसाठी २०० डॉलर मागणे मुळीच समर्थनीय नव्हते; शिवाय ही मेमरी चिपच्या पॅकेजमध्येच बसवलेली असल्यामुळे ती नंतर वाढवता येत नाही, म्हणून खरेदीच्या दिवशीची काटकसर ग्राहकाला यंत्र मोडीत निघेपर्यंत सोसावी लागते, आणि नेमका हाच मुद्दा पत्रात सुटला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीनेच मॅकबुक एअरची प्रारंभिक मेमरी अमेरिकेत त्याच किमतीत १६ जीबी केली. मग ग्राहकांची मागणी अवास्तव कशी ठरते? त्या वेळी साठवण मात्र २५६ जीबीच राहिली, आणि तिच्याविषयीची तक्रारही तितकीच रास्त होती.

— एक वाचक